कर्करोगी मुलांचे पोषण : काटा आणि फीत



मुलाची प्रकृती सुधारते की खालावते, हे आपण वजनावरून ठरवितो. एरवी ते ठीकच आहे. परंतु कर्करोग झालेल्या मुलाच्या बाबतीत वजनाचा काटा पुष्कळदा फसवितो. मूत्रपिंडात किंवा यकृतात मोठी गाठ असली, की तिचेही वजन काट्यावर चढते. गाठ वाढते, मूल झिजते आणि आकडा मात्र जागचा हलत नाही! रक्ताच्या कर्करोगात स्टेरॉइडे दिली म्हणजे चेहरा गुबगुबीत होतो. घरची माणसे सुखावतात. पण आत स्नायू झिजत असतात.

म्हणून दंडही मापावयाचा. हात सैल सोडून, खांदा व कोपर यांच्या बरोबर मध्यावर साधी फीत गुंडाळावयाची. पोटातील गाठीचा भार तेथे पोहोचत नाही. सहा महिने ते पाच वर्षे वयाच्या मुलाचा दंड ११.५ सेंटिमीटरहून कमी भरला, तर ते अतितीव्र कुपोषण, असे जागतिक आरोग्य संघटनेचे माप आहे. मोठ्या मुलांसाठी वयानुसार कोष्टके आहेत.

हा खटाटोप कशासाठी? कुपोषित मुलाला कर्करोगावरील औषधे सोसत नाहीत. जंतुसंसर्ग होतो, उपचार लांबणीवर पडतात आणि तेवढी सवड रोगाला मिळते. गाठ कोणत्या जातीची, हे आपल्या हाती नाही. पोषण बऱ्याच अंशी आहे. तोंड आलेल्या मुलाला नुसते "खा" म्हणून भागत नाही. आहारतज्ज्ञाचा सल्ला, प्रसंगी नाकातून नळीही लागते. पण ते वेळेवर कळले पाहिजे. तेव्हा आईबापांनी पहिल्याच दिवशी आणि पुढे प्रत्येक भेटीत डॉक्टरांना अवश्य विचारावे : "वजन कळले, दंड किती भरला?"