वस्त्रांचा त्याग : असिसीचे संत फ्रान्सिस आणि अपरिग्रह



जव्हारजवळच्या शिरपामाळाची कथा या परिसरात सर्वश्रुत आहे. सन १६६३ च्या अखेरीस सुरतेकडे निघालेल्या छत्रपती शिवाजी महाराजांचा मुक्काम या माळावर पडला, जव्हारचे राजे विक्रमशहा यांनी त्यांच्या मस्तकी शिरपेच खोवला आणि त्यावरून माळास हे नाव मिळाले, अशी परंपरा सांगते. त्या वाटेच्या दुसऱ्या टोकाला जे घडले, त्याकडे मात्र अपरिग्रहाच्या दृष्टीने क्वचितच पाहिले जाते.

जानेवारी १६६४ मध्ये महाराज सुरतेत आले, तेव्हा त्या नगरीतील सर्वांत धनाढ्य व्यापारी होते जैन श्रावक वीरजी व्होरा. इंग्रज कंपनीसुद्धा त्यांच्याकडून कर्ज घेत असे. त्यांचा वाडा लुटला गेला. त्याच नगरीत फादर अँब्रोझ नावाचे एक फ्रेंच कापुचिन साधू राहत. त्यांच्या मठाला कोणी हात लावला नाही. लुटण्याजोगे तेथे काही नव्हतेच, असे म्हणून हा विषय संपवता येईल. पण तेव्हनो हा फ्रेंच प्रवासी सांगतो की, हे साधू स्वतः महाराजांच्या छावणीत गेले आणि नगरातील गरीब ख्रिस्ती लोकांसाठी त्यांनी अभय मागितले. महाराजांनी ते दिले. ज्याला स्वतःचे वाचवायचे काही उरलेले नाही, तोच दुसऱ्यासाठी असा निर्भयपणे जाऊ शकतो. बर्निये या फ्रेंच वैद्याने आणखी एक नोंद केली आहे. डच व्यापाऱ्यांच्या एका दिवंगत हिंदू दलालाचे घरही महाराजांनी सोडले. कारण तो हयातीत मोठा दानशूर होता, असे त्यांना कळले होते. म्हणजे अभय मिळाले ते केवळ संन्याशालाच नव्हे.

कापुचिन हा सोळाव्या शतकात निघालेला पंथ. त्याचे मूळ मात्र इटलीतील असिसी नगरच्या संत फ्रान्सिस यांच्यापाशी जाते. हे फ्रान्सिस कोण? एका कापड व्यापाऱ्याचे पुत्र! त्यांचा जन्म ११८१-८२ च्या सुमाराचा. वडील पिएत्रो बेर्नार्दोने व्यापारानिमित्त फ्रान्सला जात. मुलगा दुकानात बसे, उंची वस्त्रे ल्यायचा, मित्रांवर सढळ हाताने उधळायचा. शेजारच्या पेरुजिया नगराशी झालेल्या युद्धात तो पकडला गेला, सुमारे वर्षभर बंदिवासात राहिला. नंतर आजारपण आले. वृत्ती पालटू लागली ती येथून. ज्या कुष्ठरोग्यांची त्याला किळस वाटे, त्यांच्यातच तो वावरू लागला.

पुढचा प्रसंग व्यापाऱ्यांनी विशेष लक्ष देऊन ऐकावा असा आहे. सान दामियानो येथील मोडकळीस आलेल्या चर्चच्या दुरुस्तीसाठी फ्रान्सिसने पेढीवरचे कापड घोड्यावर लादले, फोलिन्यो गावी नेऊन विकले, घोडाही विकला आणि ती रक्कम तेथील पुजाऱ्यापुढे ठेवली. पुजाऱ्याने ती स्वीकारली नाही. जैन परिभाषेत याला अदत्तादान म्हणावे लागेल. हेतू कितीही पवित्र असो, माल वडिलांचा होता. पिएत्रोला चरित्रकारांनी कठोर रंगवले आहे. परंतु हिशेबात तूट आल्यावर संतापलेला बाप कोणत्या पेढीवर दिसत नाही?

वडिलांनी दावा नेला तो बिशपांपुढे. साल १२०६. पैसे परत कर, असे बिशपांनी सांगितले. फ्रान्सिसने पैसे तर ठेवलेच. शिवाय अंगावरची सर्व वस्त्रे उतरवून वडिलांच्या स्वाधीन केली आणि यापुढे आपला पिता केवळ स्वर्गातील देव, असे जाहीर केले. बिशपांनी आपल्या झग्याने त्याचे नग्न शरीर झाकले. दुसऱ्याच्या धनाचे दान नाकारले गेले होते. स्वतःच्या हक्काचा त्याग मात्र पूर्ण झाला.

दिगंबर मुनींचे स्मरण येथे साहजिकच होते. तरी दोन्ही एक मानू नये. जैन साधनेत त्याग हा संवर-निर्जरेचा मार्ग आहे. फ्रान्सिसच्या मनात दरिद्री येशूचे अनुसरण होते. दुसरा भेदही महत्त्वाचा आहे. श्वेतांबर परंपरेनुसार भगवान महावीर मातापित्यांच्या हयातीत घराबाहेर पडले नाहीत आणि त्यानंतरही ज्येष्ठ बंधू नंदिवर्धन यांच्या शब्दाखातर थांबले. आजही दीक्षेस घरच्यांची आज्ञा लागते. असिसीत ती आज्ञा मिळाली नाही, आणि ती जखम त्या घराला राहिली. आपली परंपरा या बाबतीत अधिक करुणामय वाटते.

फ्रान्सिसच्या अनुयायांना १२०९ मध्ये पोप तिसरे इनोसंट यांनी तोंडी मान्यता दिली. १२२३ च्या नियमाने या साधूंना नाणे वा पैसा स्वतः किंवा दुसऱ्याकरवीही घेण्यास मनाई केली. १२१२ मध्ये क्लारा या तरुणीने घर सोडले व साध्वींचा संघ उभा राहिला. फ्रान्सिस १२२६ मध्ये निवर्तले.

पण सारेच घर सोडू शकत नाहीत. संसारात व व्यापारात राहून व्रत घेणाऱ्या स्त्री-पुरुषांचाही संघ होता. पुढे तो तिसरा संघ म्हणून ओळखला गेला. श्रावक-श्राविकांच्या अणुव्रतांची आठवण व्हावी असेच त्याचे १२२१ चे नियम आहेत. शस्त्र धरू नये, शपथा वाहू नयेत, दरमहा एक नाणे गरिबांसाठी द्यावे. आणि कापडाविषयीही एक कलम आहे : ते साधे व न रंगवलेले असावे, आणि हातभर कापडाची किंमत रावेन्नाच्या सहा नाण्यांहून अधिक नसावी.