कायदा आहे, पण विचारायला कोण जाणार?

(शनिशिंगणापूर येथे महिला मंडळांच्या कार्यकर्त्यांसमोर केलेल्या भाषणाचा मजकूर)



आजचा विषय शाळांचा आहे. जिल्हा परिषदेच्या, नगरपालिकेच्या, अनुदानित शाळांमध्ये मुलामुलींशी होणारा भेदभाव आणि छळ कायद्याने कसा थांबवायचा, याचा विचार आपल्याला करायचा आहे. पण आपण शनिशिंगणापुरात जमलो आहोत, म्हणून सुरुवात इथल्या चौथऱ्यापासून करते. कायदा कागदावर असणं आणि तो गावात चालणं यांत किती अंतर असतं, ते या गावाने आपल्या डोळ्यांदेखत दाखवलं आहे.

२०१५ च्या नोव्हेंबर अखेरीस एक तरुणी चौथऱ्यावर चढली आणि तिने शनीला तेल वाहिलं. लगेच शिळेला दुधाचा अभिषेक करून ‘शुद्धी’ झाली, सुरक्षा कर्मचाऱ्यांना निलंबित केलं गेलं. पुढे २६ जानेवारी २०१६ ला तृप्ती देसाई आणि भूमाता ब्रिगेडच्या बायका निघाल्या, तर त्यांना सुप्यालाच अडवलं. या सगळ्या गदारोळात एक गोष्ट फार थोड्यांना ठाऊक होती. हिंदूंच्या सार्वजनिक पूजास्थानात कुठल्याही वर्गाला, कुठल्याही घटकाला प्रवेश नाकारता येणार नाही, असा कायदा या राज्यात १९५६ सालापासून आहे. अडवणाऱ्याला सहा महिन्यांपर्यंत कैदेची तरतूदही त्यात आहे. म्हणजे बायका नवं काही मागत नव्हत्या. साठ वर्षांपूर्वीच दिलेलं मागत होत्या.

विद्या बाळ आणि अ‍ॅड. नीलिमा वर्तक यांनी मुंबई उच्च न्यायालयात याचिका केली, तेव्हा हा कायदा कपाटातून बाहेर आला. १ एप्रिल २०१६ ला न्यायालयाने सरकारला सांगितलं, की कायदा आहे, तो राबवा आणि जिल्हाधिकारी, पोलीस अधीक्षकांना तशा सूचना द्या. तरी दुसऱ्याच दिवशी इथे आलेल्या बायकांना गावकऱ्यांनी अडवलं. त्या वेळी देवस्थानाने पुरुषांनाही वर जायची बंदी केली होती. ८ एप्रिलला, गुढीपाडव्याला, पुरुषांनी ती मोडून वर जाऊन पाणी घातलं आणि मग त्याच दिवशी विश्वस्तांनी चौथरा सगळ्यांना खुला केला.

यातून मी तीन गोष्टी शिकले. कायदा चालायला मागणारं माणूस लागतं. ज्याला जाब विचारता येईल असा अधिकारी लागतो. आणि कायदा मोडला तर काही परिणाम भोगावा लागेल, अशी खात्री लागते. आता या तीन गोष्टी घेऊन शाळेकडे वळू या.

शाळेतला भेदभाव कायद्याने रोखण्याचा प्रयत्न आपल्याकडे शंभर वर्षांहून जुना आहे. सी. के. बोले यांनी १९२३ साली मुंबई कायदे कौन्सिलात ठराव मंजूर करून घेतला, की सरकारी खर्चाने चालणाऱ्या विहिरी, धर्मशाळा, दवाखाने आणि शाळा अस्पृश्यांना खुल्या असाव्यात. ठराव झाला, गावोगाव व्हायचं तेच होत राहिलं. म्हणून १९२६ साली बोल्यांनी पुढचा ठराव आणला, की जी नगरपालिका, जे लोकल बोर्ड हे पाळणार नाही त्याचं अनुदान थांबवा. नुसतं ‘खुलं आहे’ म्हणून भागत नाही, हे त्यांना तीन वर्षांत कळलं होतं. आणि १९२७ साली डॉ. आंबेडकर हजारो लोकांना घेऊन महाडच्या तळ्यावर गेले, तेव्हा ते तळं नगरपालिकेने कागदावर आधीच खुलं केलेलं होतं. जाऊन पाणी पिणं तेवढं बाकी होतं!

आज परिस्थिती काय आहे? कायदे पुष्कळ आहेत. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याच्या १७ व्या कलमाने मुलांना मारणं आणि त्यांचा मानसिक छळ करणं, दोन्हींना बंदी आहे. दुर्बल आणि वंचित घटकांतल्या मुलांशी भेदभाव होऊ न देण्याची जबाबदारी त्याच कायद्याने सरकारवर आणि स्थानिक संस्थेवर टाकली आहे. २०१२ चा पोक्सो कायदा लैंगिक अत्याचाराची माहिती पोलिसांना देणं सक्तीचं करतो. हाताखालच्या माणसाचा गुन्हा दडपणाऱ्या संस्थाप्रमुखाला वर्षभरापर्यंत कैद होऊ शकते. मार्च २०२२ मध्ये राज्य सरकारने शाळाशाळांत ‘सखी सावित्री समिती’ नेमायचा निर्णय काढला.

मग ऑगस्ट २०२४ मध्ये बदलापूरला काय झालं? चार वर्षांच्या दोन मुलींवर शाळेत अत्याचार झाला आणि तक्रार नोंदवायला पालकांना पोलीस ठाण्यात तासन् तास थांबावं लागलं. लोक रेल्वे रुळांवर उतरले, तेव्हा कुठे यंत्रणा हलली. २१ ऑगस्टला नवा शासन निर्णय निघाला. त्यात कॅमेरे, तक्रारपेटी, समित्या सगळं होतं. म्हणजे २०२२ ला सांगितलेलं २०२४ ला पुन्हा सांगावं लागलं.

जुलै २०२५ मध्ये ठाणे जिल्ह्यातल्या शहापूरला एका खासगी शाळेत स्वच्छतागृहात रक्ताचे डाग दिसले, म्हणून पाचवी ते दहावीच्या मुलींचे कपडे उतरवून कुणाची पाळी आहे ते तपासलं गेलं. मुख्याध्यापिकेला आणि एका महिला कर्मचाऱ्याला अटक झाली. बायकांनीच मुलींना ही वागणूक दिली, हे आपल्याला बोचलं पाहिजे. चौथऱ्यावरचा ‘विटाळ’ आणि शाळेतली ती झडती एकाच मुळातून येतात. मुलीच्या शरीराची लाज तिने बाळगायची आणि चौकशी मात्र इतरांनी करायची!

आणि आपला स्वतःचा जिल्हा? जामखेड तालुक्यातल्या खर्ड्याला एप्रिल २०१४ मध्ये सतरा वर्षांच्या एका दलित मुलाला शाळेच्या आवारातच मारायला सुरुवात झाली. वरच्या जातीच्या मुलीशी बोलतो, एवढाच संशय होता. त्याचा खून झाला. २०१७ साली सगळे आरोपी सुटले, कारण साक्षीदार फिरले. शाळेच्या आवारात दिवसाढवळ्या घडलेलं कुणीच पाहिलं नाही असं ठरतं, तिथे कायद्याचं पुस्तक कितीही जाड असलं तरी ते मुलाच्या आईच्या काय कामाचं?

आता कायद्यातल्या फटी पाहू. पहिली फट वयाची. शिक्षण हक्क कायदा सहा ते चौदा वर्षांपुरता, आठवीपर्यंतचा आहे. नववी-दहावीची मुलगी, जिला सगळ्यात जास्त आधार हवा, ती त्याच्या बाहेर पडते. दुसरी फट परिणामाची. १७ वं कलम मोडणाऱ्यावर त्या कायद्याखाली सेवानियमांप्रमाणे खात्याची कारवाई होते, म्हणजे शिक्षण खात्याची चौकशी शिक्षण खातंच करतं. तिसरी फट नावाची. पोक्सो लैंगिक गुन्ह्यापुरता आहे. पण जातीवरून वर्ग झाडायला लावणं, पोषण आहाराला वेगळी पंगत, पाळीवरून अपमान, बायकी म्हणून मुलाची टिंगल, या रोजच्या गोष्टींची तक्रार मुलाने कुणाकडे, किती दिवसांत आणि कुठल्या उत्तराच्या हमीने करायची, हे एका जागी कुठे लिहिलेलं नाही.

म्हणून आपली मागणी अशी असावी. बारावीपर्यंतच्या सर्व शाळांना लागू होईल असा एकच कायदा हवा. त्यात जात, धर्म, लिंग, पाळी, अपंगत्व यांवरून होणारा भेदभाव आणि छळ नाव घेऊन लिहिलेला असावा. चौकशी समितीत शाळेबाहेरची बाई असावी. तक्रार केलेल्या मुलीचा दाखला हातात देऊन तिला घरी पाठवणं हा स्वतंत्र गुन्हा मानावा. आणि बोल्यांनी सांगितलं तसं, न पाळणाऱ्या संस्थेच्या अनुदानाला हात लावावा.

नवा कायदा येईल तेव्हा येईल, तोवर हातात आहे ते वापरू या. शाळा व्यवस्थापन समितीत निम्म्या जागा बायकांच्या असतात, हे किती जणींना माहीत आहे? त्या जागांवर सरपंचाच्या सुनेचं नुसतं नाव असतं की आपल्यापैकी कुणी प्रत्यक्ष बसते? पुढच्या महिन्यात प्रत्येक मंडळाने आपल्या गावच्या शाळेत जावं आणि चार प्रश्न विचारावेत. सखी सावित्री समितीत कोण कोण आहे आणि तिची शेवटची बैठक कधी झाली? तक्रारपेटी कोण उघडतं? मुलींच्या संडासाला दार आणि कडी आहे का? वर्ग कोण झाडतं? उत्तरं लिहून घ्यावीत, मुख्याध्यापकांची सही मागावी, एक प्रत गटशिक्षणाधिकाऱ्यांना द्यावी. सही मिळाली नाही तर तेही लिहावं.

हे काम कंटाळवाणं आहे. यात मोर्चा नाही, फोटो नाही. पण १९५६ चा कायदा साठ वर्षं पडून राहिला, तो गावोगावी जाऊन असा प्रश्न कुणी विचारला नाही म्हणून. घरांना दारं नसलेलं गाव अशी शिंगणापूरची ख्याती आहे. कडी नसलेला संडास मात्र मुलीची शाळा सोडवतो. तेव्हा येत्या महिन्यात आधी ती कडी बसवून घेऊ या, आणि ती बसवून घेताना मिळालेली उत्तरं पुढच्या बैठकीला घेऊन या. कायद्याचा मसुदा आपण त्या उत्तरांवरूनच लिहायला घेऊ.