खेळ घडविणारा कारागीर आणि त्याची पेठ



वेरूळच्या एकविसाव्या लेण्यात, म्हणजे रामेश्वर लेण्यात, शिवपार्वतीच्या सारीपाटाचे एक शिल्प आहे. चौदाव्या आणि एकोणतिसाव्या लेण्यांतही हाच प्रसंग कोरलेला आढळतो. खेळणारे दोघेच, परंतु शिल्पकाराने भोवती परिवार उभा केला आहे आणि खाली गणांनी चालविलेली नंदीची थट्टा दाखविली आहे. खेळ म्हणजे केवळ पट आणि सोंगट्या नव्हेत, खेळ म्हणजे भोवतीची माणसे, हे त्या कारागिराने पुरते ओळखले होते. याच जिल्ह्यातील आपेगावच्या ज्ञानदेवांकडे परंपरा मोक्षपटाचे, म्हणजे सापशिडीच्या मूळ रूपाचे, जनकत्व देते. परंपरेची चिकित्सा संशोधकांनी करावी. पण खेळ रचणे हे हलके काम आहे असे आपल्या पूर्वजांना वाटत नव्हते, एवढे त्यावरून निश्चित दिसते.

आजचा खेळ रचणारा संगणकापुढे बसतो. मोठ्या कंपनीचे भांडवल पाठीशी नसताना, एकटा किंवा पाचदहा सहकाऱ्यांसह जो खेळ निर्माण करतो, त्याला स्वतंत्र खेळनिर्माता म्हणतात. घरची मंडळी त्याला रिकामटेकडा समजतात आणि शेजारी सट्टेबाज समजतात. त्याच्या मनातील चिंता मात्र निराळ्याच असतात.

पहिली चिंता साधनाची. चेंडू पडला तर तो कसा उसळावा, दिव्याची सावली कोठे पडावी, हे सारे पूर्वी प्रत्येकाला मुळापासून लिहावे लागे. आता ही कामे तयार स्वरूपात करून देणारी ‘गेम इंजिने’ उपलब्ध आहेत. ‘अनरिअल’ हे इंजिन खेळाची कमाई दहा लाख डॉलरपर्यंत जाईतो काही मागत नाही, त्यापुढील कमाईवर पाच टक्के घेते. अर्जेंटिनातील दोघा तरुणांनी सुरू केलेले ‘गोदो’ २०१४ मध्ये सर्वांसाठी खुले झाले. ते सर्वस्वी विनामूल्य आहे. साधन स्वस्त झाले, याबद्दल शंका नाही. परंतु दुसऱ्याच्या मालकीच्या साधनावर संसार उभा करण्यात धोकाही असतो. सप्टेंबर २०२३ मध्ये ‘युनिटी’ या लोकप्रिय इंजिनाच्या कंपनीने, खेळ किती यंत्रांवर उतरविला गेला त्या हिशेबाने आकार लावण्याचे जाहीर केले. जगभरच्या छोट्या निर्मात्यांनी एकच गिल्ला केला. कंपनीने काही दिवसांतच अटी सौम्य केल्या आणि वर्षभराने तो आकार रद्दच केला. तोवर कित्येकांची झोप उडाली होती.

यापेक्षा बिकट प्रश्न पेठेचा आहे. शेतमालाच्या व्यवहारात आडत म्हणजे काय, हे येथे कोणाला समजावून सांगावयास नको. २०१६ मध्ये राज्य शासनाने फळे व भाजीपाल्यावरील आडत शेतकऱ्याऐवजी खरेदीदाराकडून घेण्याचा निर्णय केला, तेव्हा त्यावर किती खळखळ झाली तेही स्मरणात असेल. खेळांच्या पेठेतही आडत आहे आणि ती विक्रेत्याकडूनच घेतली जाते. ‘स्टीम’ या संगणकीय खेळांच्या मोठ्या दुकानात ती साधारणपणे शेकडा तीस आहे. मोबाइलच्या दोन्ही मोठ्या दुकानांनीही दीर्घकाळ तोच दर ठेवला होता. २०२१ मध्ये त्यांनी लहान निर्मात्यांसाठी तो पंधरावर आणला. बरे, आडत देऊनही माल नजरेस पडेल याची हमी नाही. हजारो खेळांच्या गर्दीत आपला खेळ कोणत्या फळीवर मांडला जाईल, हे निर्मात्याच्या हाती नसते.

पुण्याच्या ‘नॉडिंग हेड्स गेम्स’ या छोट्या संस्थेची हकीकत या दृष्टीने पाहण्यासारखी आहे. राक्षसांनी पळविलेल्या धाकट्या भावाचा शोध घेणाऱ्या ‘राजी’ नावाच्या मुलीचा खेळ या मंडळींनी रचावयास घेतला. राजस्थानी वास्तुशैली आणि आपल्या पुराणकथा हा त्याचा आधार. २०१७ मध्ये त्यांनी इंटरनेटवरून जगभरच्या रसिकांकडे लोकवर्गणी मागितली. ठरलेली रक्कम पूर्ण जमली तरच पैसे मिळावयाचे, अशी तेथील अट होती. ती जमली नाही. स्वतःची पुंजी ओतून काम चालू ठेवावे लागले. ‘राजी’ ऑगस्ट २०२० मध्ये प्रथम निन्टेन्डो कंपनीच्या यंत्रावर प्रकाशित झाला आणि त्या वर्षीच्या ‘द गेम अवॉर्ड्स’ या आंतरराष्ट्रीय पारितोषिकांत पदार्पणातील उत्कृष्ट खेळांच्या नामांकनात त्याची गणना झाली. कौतुक झाले खरे. पण मधल्या तीन वर्षांचा ताण कोणत्याही नामांकनात मोजला जात नाही.

आता सोबतीने खेळावयाच्या खेळांविषयी. नवी मुंबईच्या ‘गेमेशन’ या संस्थेने २०१६ मध्ये ‘लुडो किंग’ हा खेळ आणला. मार्च २०२० मध्ये टाळेबंदी झाली आणि गावोगावची ताटातूट झालेली कुटुंबे मोबाइलवरच्या या पटाभोवती गोळा झाली. एकाने सांकेतिक क्रमांक कळवावा आणि बाकीच्यांनी तो भरून डावात यावे, इतकी ती सोपी योजना. पच्चिशीच्या घरातला हा खेळ, नवे त्यात फारसे काहीच नव्हते. नवी होती ती माणसे जोडण्याची सोय.

मात्र याच पडद्यावर पैसे लावून खेळावयाचे डावही पसरले आणि त्यात कित्येक घरे बुडाली. म्हणून ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेने ऑनलाइन खेळांसंबंधीचा कायदा संमत केला. बक्षिसाच्या आशेने पैसे लावावयाचे खेळ चालविणाऱ्यास त्यात तीन वर्षांपर्यंत कैद आणि एक कोटी रुपयांपर्यंत दंड सांगितला आहे. खेळणाऱ्याला शिक्षा नाही. निखळ करमणुकीचे किंवा कौशल्य वाढविणारे, पैज नसलेले खेळ मात्र ‘ऑनलाइन सामाजिक खेळ’ म्हणून वेगळे काढून त्यांना उत्तेजन देण्याची तरतूद केली आहे. अशा खेळासाठी ठरावीक वर्गणी किंवा प्रवेशमूल्य घेता येते. तक्रार घेऊन आलेल्या पालकाला सरपंचांनी किंवा मुख्याध्यापकांनी एवढेच विचारावे: मुलाने पैसे कशासाठी भरले, खेळ मिळावा म्हणून की जिंकून जास्त मिळावेत म्हणून?

पुढच्याच महिन्यात राज्य मंत्रिमंडळाने ॲनिमेशन, दृश्यपरिणाम आणि गेमिंग यांविषयीच्या धोरणास मान्यता दिली. त्याचा आराखडा ३,२६८ कोटी रुपयांचा आहे. तो पैसा यथाकाल येईल. तोपर्यंत कन्नड-वैजापूरकडील एखाद्या शाळेने सुटीच्या दिवशी दोन तास संगणक कक्ष उघडा ठेवला आणि तेथे ‘गोदो’ उतरवून घेतले, तर त्याला मंजुरीची टिपणी लागणार नाही आणि खर्चही येणार नाही.