कणाएवढ्या औषधामागील माणसे



पावसाळ्यात तामलवाडीच्या शिवारात दृष्टी पोहोचेल तिथवर सोयाबीन डोलताना दिसते. त्या दाण्यापासून तेल निघते, पेंड निघते, हे येथील लहान मुलालाही ठाऊक असते. परंतु त्याच दाण्यातून लेसिथिन नावाचा एक स्निग्ध पदार्थ मिळतो आणि त्याचा शुद्ध केलेला अंश काही अत्यंत मौल्यवान जीवरक्षक औषधांच्या घडणीत वापरला जातो, हे फारच थोड्यांना माहीत असते. आजच्या व्याख्यानाचा विषय अशा औषधांचा आहे. त्याहूनही अधिक, ती औषधे घडविणाऱ्या माणसांचा आहे.

अब्जांश वैद्यक, म्हणजे ज्याला नॅनोमेडिसिन असे म्हणतात, त्याचे नाव ऐकले की सामान्य माणूस थोडा बिचकतो. वस्तुतः त्यातील मूळ कल्पना साधी आहे. एका मीटरचे शंभर कोटी भाग केले असता त्यातील एक भाग म्हणजे एक नॅनोमीटर. माणसाच्या केसाची जाडी सुमारे ऐंशी हजार ते एक लाख नॅनोमीटर भरते. औषधाचे रेणू शंभर-दोनशे नॅनोमीटर आकाराच्या वाहकात बसवून ते शरीरात पाठवावयाचे, म्हणजे ते रोगाच्या जागी अधिक आणि निरोगी अवयवांत कमी पोहोचतात, हे या शास्त्राचे सार होय.

याची निकड का भासली, हे एका औषधाच्या इतिहासावरून स्पष्ट होते. १९५० च्या दशकात व्हेनेझुएला देशातील ओरिनोको नदीच्या प्रदेशातील मातीत एक सूक्ष्मजीव सापडला. अमेरिकेतील स्क्विब या संस्थेच्या संशोधकांनी त्यापासून अँफोटेरिसिन बी हे औषध वेगळे केले. शरीराच्या आत खोलवर पसरलेल्या बुरशीच्या रोगावर त्याच्या तोडीचे दुसरे औषध अनेक वर्षे नव्हते. बुरशीच्या पेशीच्या आवरणात अर्गोस्टेरॉल नावाचा पदार्थ असतो. हे औषध त्याला जाऊन चिकटते आणि त्या आवरणास छिद्रे पाडते. दुर्दैवाने माणसाच्या पेशीच्या आवरणातील कोलेस्टेरॉल त्या पदार्थाचे जवळचे भावंड आहे. परिणामी औषध बुरशीबरोबर रुग्णाच्या मूत्रपिंडावरही आघात करी. औषधाचा थेंब शिरेत जाऊ लागला की रुग्णाला हुडहुडी भरे, ज्वर चढे, अंगावर चार पांघरुणे घातली तरी कंप थांबत नसे. कित्येकदा मूत्रपिंड वाचविण्यासाठी उपचार अर्ध्यावर सोडावा लागे. रोग मारावा तर रुग्ण दगावतो आणि रुग्ण राखावा तर रोग बळावतो, असा हा पेच होता.

या पेचातून वाट निघाली ती अनपेक्षित ठिकाणी. इंग्लंडमधील केंब्रिजजवळ बॅब्राहम येथील संस्थेत अॅलेक बँगहॅम हे शास्त्रज्ञ रक्तपेशींच्या आवरणाचा अभ्यास करीत होते. लेसिथिनसारखे स्निग्ध पदार्थ पाण्यात मिसळले असता ते आपोआप पोकळ गोळ्यांचा आकार धारण करतात, हे त्यांनी १९६० च्या दशकाच्या प्रारंभी आपले सहकारी हॉर्न यांच्यासह इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकातून पाहिले. या गोळ्यांना पुढे लायपोसोम हे नाव मिळाले. बँगहॅम यांच्या मनात त्या वेळी औषध नव्हते. निसर्गातील एक रचना समजून घ्यावी एवढाच त्यांचा हेतू होता. पुढे १९७० च्या दशकाच्या आरंभी लंडनमध्ये ग्रेगरी ग्रेगोरियाडिस यांनी ब्रेंडा रायमन यांच्या समवेत, या गोळीत औषध भरून ते शरीरात नेता येईल, हे दाखवून दिले. अँफोटेरिसिन बी असे लायपोसोममध्ये बसविले, तर ते बुरशीपर्यंत पोहोचते आणि मूत्रपिंडाला होणारा त्रास पुष्कळ कमी होतो, असा अनुभव १९८० च्या दशकात अमेरिकेतील ह्यूस्टन येथे आला. परदेशात असे औषध बाजारात आले. परंतु त्याची किंमत भारतातील सामान्य रुग्णाच्या कल्पनेपलीकडची होती.

येथून पुढची कथा भारतातील आहे. तिच्यातील पहिले नाव डॉ. बिमलकुमार बच्छावत यांचे. १९२५ साली कोलकात्यात जन्मलेल्या या जीवरसायनशास्त्रज्ञाने अमेरिकेत उच्च शिक्षण घेतले आणि मायदेशी परतून वेल्लोरच्या ख्रिश्चन वैद्यकीय महाविद्यालयात मेंदूच्या रसायनशास्त्राची प्रयोगशाळा उभारली. १९६२ मध्ये त्यांना शांतिस्वरूप भटनागर पुरस्कार लाभला. पुढे त्यांनी कोलकात्याच्या भारतीय रासायनिक जीवशास्त्र संस्थेचे संचालकपद भूषविले आणि निवृत्तीचे वय जवळ आले असता दिल्ली विद्यापीठाच्या दक्षिण परिसरात जीवरसायन विभागात नव्याने कामास प्रारंभ केला. ज्या वयात माणसे मिळालेल्या मानसन्मानावर समाधान मानतात, त्या वयात त्यांनी तरुण विद्यार्थ्यांना बरोबर घेऊन लायपोसोममधील अँफोटेरिसिन बीचा ध्यास घेतला. १९९० मध्ये त्यांना पद्मभूषण किताब मिळाला आणि १९९६ मध्ये ते निवर्तले.

दुसरे नाव मुंबईचे. परळ येथील सेठ गोर्धनदास सुंदरदास वैद्यकीय महाविद्यालय आणि राजे एडवर्ड स्मारक रुग्णालय, म्हणजे सर्वांच्या परिचयाचे के.ई.एम., ही महानगरपालिकेने चालविलेली संस्था १९२६ पासून गोरगरिबांचा आधार आहे. मराठवाड्यातून आणि सोलापूर भागातून आशेने मुंबई गाठणाऱ्या कित्येक रुग्णांची वाट अखेर याच दारात संपते. येथील चिकित्सालयीन औषधशास्त्र विभागात डॉ. नीलिमा क्षीरसागर यांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी लायपोसोमवरील संशोधनास वाहून घेतले. पुढे त्या याच संस्थेच्या अधिष्ठाता झाल्या आणि भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या चिकित्सालयीन औषधशास्त्राच्या राष्ट्रीय अध्यासनाचा मानही त्यांना लाभला. डॉ. क्षीरसागर यांच्या कार्याचे वैशिष्ट्य असे की, प्रयोगशाळेतील चंबू आणि रुग्णाची खाट यांमधील अंतर त्यांनी कमी केले. औषध आधी प्राण्यांवर तपासले गेले, नंतर शरीरात ते किती काळ टिकते याचे मोजमाप झाले, आणि मग बुरशीचा रोग जडलेल्या व काळाआजार झालेल्या रुग्णांवर त्याची पायरीपायरीने परीक्षा झाली. या मोजमापात कर्करोगाच्या रुग्णांवर उपचार करणारे परळचेच तज्ज्ञही सहभागी होते. १९९३ पासून पुढे दशकभर हे निष्कर्ष देशी-विदेशी वैद्यकीय नियतकालिकांतून प्रसिद्ध होत गेले.

दिल्लीची विद्यापीठीय प्रयोगशाळा आणि मुंबईचे महापालिका रुग्णालय यांच्या परिश्रमांतून भारतीय बनावटीचे लायपोसोमयुक्त अँफोटेरिसिन साकारले. त्याचे तंत्र उद्योगाकडे सुपूर्द झाले आणि 'फंगिसोम' या नावाने ते रुग्णांपर्यंत पोहोचले. हे औषध मिठाच्या पाण्यात तयार स्वरूपात येते, आणि रुग्णास देण्यापूर्वी त्याची कुपी ध्वनिलहरींच्या एका छोट्या उपकरणात सुमारे पाऊण तास ठेवावी लागते. या लहरींनी गोळ्या फुटून योग्य तेवढ्या लहान होतात. परदेशी यंत्रसामग्रीचा खर्च न पेलवणाऱ्या देशाने शोधलेली ही आपली वाट होती.

या दोन नावांच्या मागे किती माणसे उभी असतात, याचा विचार क्वचितच होतो. लायपोसोम बनविण्याची रूढ पद्धत पाहावी. स्निग्ध पदार्थ द्रावकात विरघळवून गोल बुडाच्या चंबूत घ्यावयाचा, चंबू मंद गतीने फिरवीत द्रावक उडवून द्यावयाचा, मग काचेच्या आतल्या बाजूस सायीसारखा पातळ थर उरतो. त्यात पाणी घालून हलविले की गोळ्या तयार होतात. ऐकावयास हे सोपे वाटते. परंतु द्रावकाचा अंश राहिला, तापमान थोडे चुकले, किंवा वीज गेली, की दिवसभराचे काम वाया जाते. मग तो चंबू धुऊन दुसऱ्या दिवशी पुन्हा आरंभ करणारा संशोधक विद्यार्थी असतो. प्राणिगृहाची स्वच्छता राखणारा सेवक असतो. रुग्णाचे रक्त ठरल्या वेळी, मग ती मध्यरात्र का असेना, काढून घेणारी परिचारिका असते. शोधनिबंधाच्या शिरोभागी चार-पाच नावे मावतात. उरलेली माणसे त्या निबंधाच्या ओळींमधील कोऱ्या जागेत राहतात.

आणि या सर्वांहून मोठे ऋण रुग्णांचे आहे. नवे औषध प्रथम कोणीतरी स्वतःच्या देहावर घ्यावे लागते. महापालिकेच्या रुग्णालयात येणारा हा कोणीतरी बहुधा निर्धन असतो. त्याला पूर्ण माहिती मिळाली का, त्याने भीतीपोटी नव्हे तर समजून संमती दिली का, औषध सिद्ध झाल्यावर ते त्याच्यासारख्याला परवडणार का, हे प्रश्न शास्त्राइतकेच महत्त्वाचे आहेत. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेने १९८० मध्ये प्रथम आणि २००० मध्ये अधिक विस्ताराने या संदर्भातील नैतिक मार्गदर्शक तत्त्वे घालून दिली, ती यासाठीच. ज्याने जोखीम घेतली त्याच्या दारी फळ पोहोचले नाही, तर ते संशोधन अपुरेच म्हटले पाहिजे.

फळ पोहोचले तर काय घडते, याचे उदाहरण बिहारमध्ये दिसले. वाळूमाशीमुळे पसरणारा काळाआजार तेथील गरिबांचा जुना वैरी. बनारस हिंदू विश्वविद्यालयाचे डॉ. श्याम सुंदर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१० मध्ये असे दाखविले की, लायपोसोमयुक्त अँफोटेरिसिनची एकच मात्रा दिल्याने शंभरातील सुमारे शहाण्णव रुग्ण बरे होतात. जुन्या पद्धतीत त्याच परिणामासाठी रुग्णाला महिनाभर खाटेवर राहावे लागे. मजुरी बुडणाऱ्या माणसाला या फरकाचे मोल वेगळे सांगावे लागत नाही.

फळ वेळेवर न पोहोचल्याचे दुःखही महाराष्ट्राने अनुभवले. २०२१ च्या उन्हाळ्यात करोनातून उठलेल्या रुग्णांना, विशेषतः मधुमेह असलेल्यांना, म्युकरमायकोसिस या बुरशीने गाठले. नाकातून डोळ्याकडे आणि डोळ्यातून मेंदूकडे सरकणाऱ्या या रोगावर मुख्य औषध हेच होते. गावोगावचे नातेवाईक एकेका कुपीसाठी शहरांतील औषधांची दुकाने पालथी घालीत होते. कोणाचा डोळा गेला, कोणाचा जबडा काढावा लागला, कोणी परतलेच नाही. त्याच मे महिन्यात वर्धा येथील एका कारखान्यात अँफोटेरिसिनच्या इंजेक्शनचे उत्पादन सुरू झाले, आणि जून महिन्यात वस्तू व सेवा कर परिषदेने या औषधावरील कर काही काळासाठी शून्यावर आणला. उपाय झाले, परंतु ज्ञान हाती असूनही कुपी हाती नाही, ही त्या दिवसांची वेदना विसरण्याजोगी नाही. शोध लागणे ही अर्धी वाट होय. उरलेली अर्धी वाट कारखाना, साठा, शीतपेटी आणि किंमत यांतून जाते.

ही परंपरा थांबलेली नाही. मुंबईत माटुंगा येथे १९३३ मध्ये मुंबई विद्यापीठाचा विभाग म्हणून सुरू झालेली आणि २००८ पासून अभिमत विद्यापीठ असलेली रसायन तंत्रज्ञान संस्था आहे. तेथे डॉ. पद्मा देवराजन, डॉ. वंदना पत्रावळे यांसारख्या प्राध्यापिकांनी अब्जांश औषधवाहकांवर विद्यार्थ्यांच्या पिढ्या घडविल्या. डॉ. देवराजन यांच्या गटाने २०१० मध्ये असे दाखवून दिले की, वाहक कणाचा केवळ आकार बदलला, तो गोल न ठेवता वेडावाकडा केला, तर तो यकृताला चुकवून प्लीहेत अधिक प्रमाणात जमा होतो. काही रोगजंतू प्लीहेतच दडून बसतात, हे ध्यानात घेतले म्हणजे या निरीक्षणाचे महत्त्व कळते.

तामलवाडीहून सोलापूरचे शासकीय रुग्णालय फार दूर नाही. तासाभराच्या आत गाठता येते. तेथील एखाद्या खाटेवर आज कोणाच्या तरी शिरेतून पिवळसर दुधी रंगाचे हे औषध थेंबाथेंबाने जात असेल. त्या रुग्णाला हुडहुडी भरली नाही, त्याचे मूत्रपिंड शाबूत राहिले, तर त्याचे श्रेय बॅब्राहमच्या कुतूहलाला आहे, दिल्लीतील एका वयोवृद्ध आचार्यांच्या जिद्दीला आहे, परळच्या विदुषीच्या चिकाटीला आहे, चंबू धुणाऱ्या हातांना आहे आणि संमतीच्या कागदावर अंगठा उमटविणाऱ्या त्या अनाम रुग्णालाही आहे.

येथील शाळांतून विज्ञान शिकणाऱ्या मुला-मुलींना एवढेच सांगावेसे वाटते की, मोठी प्रयोगशाळा मोठ्या इमारतीने होत नाही. बिघडलेला प्रयोग दुसऱ्या दिवशी पुन्हा मांडणाऱ्या माणसांनी ती होते. आणि पालकांनी ध्यानी ठेवावे की, बांधावरच्या सोयाबीनचा दाणा जर एवढा प्रवास करू शकतो, तर त्या बांधावर वाढलेले मूलही करू शकेल; त्याला हवा आहे तो वेळ, पुस्तक आणि पाठीवर हात.