बॅग आलीच नाही तर...

वैरागसारख्या गावातूनही आता आईवडील मुलांना भेटायला परदेशी जातात. मुंबईत दिलेली बॅग तिकडे पट्ट्यावर येतच नाही, हा प्रसंग कुणावरही येऊ शकतो. सोबतचे प्रवासी निघून जातात, पट्टा थांबतो, आणि भोवती सगळी परकी भाषा. जीव घाबरा होणारच. पण तक्रार नोंदवल्याशिवाय विमानतळाबाहेर पडू नका. तिथेच विमान कंपनीचा सामानाचा काउंटर असतो. बोर्डिंग पाससोबत मिळालेली बॅगेची चिठ्ठी दाखवा, तक्रारीचा क्रमांक लिहून घ्या. मुलगा बाहेर ताटकळत असला तरी थांबू द्या त्याला.

विमान प्रवासातल्या भरपाईबाबतचा १९९९ चा माँट्रियल करार भारताने २००९ मध्ये स्वीकारला. त्यानुसार बॅग फुटली असेल तर ती मिळाल्यापासून ७ दिवसांत, उशिरा मिळाली तर हाती आल्यापासून २१ दिवसांत लेखी तक्रार करावी लागते. २१ दिवस उलटूनही आलीच नाही, तर हरवली असं धरून भरपाई मागता येते. मधल्या काळात घेतलेल्या कपड्यांच्या पावत्या जपा.

म्हणूनच सामान भरताना शेंगाचटणी, कडक भाकरी खुशाल मोठ्या बॅगेत जाऊ द्या. बीपी-शुगरच्या गोळ्या, डॉक्टरांची चिठ्ठी, पासपोर्ट आणि मुलाचा पत्ता मात्र खांद्यावरच्या पिशवीतच हवा. पासपोर्टच हरवला, तर आधी तिथल्या पोलिसांत तक्रार, मग भारतीय दूतावास. नव्या पासपोर्टसाठी थांबणं शक्य नसेल, तर मायदेशी परतण्यापुरतं आपत्कालीन प्रमाणपत्र दूतावासातून मिळतं.