मुखव्रणातील अळ्या आणि निर्विचिकित्सा

मुखकर्करोगाच्या व्रणात अळ्या पडल्या की आप्तही दुरावतात. कोणी कर्मफळ म्हणून हात झटकतात. निमित्त मात्र माशीचे असते. आपल्या देशात बहुधा क्रायसोमिया बेझियाना ही माशी उघड्या जखमेच्या कडेला अंडी घालते. साधारण १ दिवसात अळ्या निघून जिवंत मांसात शिरतात. क्षीण रुग्णास माशी हाकलताही येत नाही.

अळ्या दिसताच डॉक्टरांकडे न्यावे; टर्पेंटाईन, चिमटा, आयव्हरमेक्टिन हे उपाय त्यांच्याच हातचे. घरच्यांनी व्रण नित्य स्वच्छ करावा, झाकावा. दिवसाही मच्छरदाणी लावावी. माशी बसलीच नाही, तर रुग्णाची वेदना टळते आणि जीवहिंसाही.

सम्यग्दर्शनाच्या ८ अंगांपैकी निर्विचिकित्सा अशा खाटेपाशीच कसाला लागते.