मंजुरीची सही आणि तिच्या अटी



डॉक्टरची पदवी हाती आली म्हणजे शिक्षण आटोपले, असे कोणी समजू नये. भारतीय वैद्यक परिषदेच्या २००२ च्या आचारनियमांत दर पाच वर्षांत किमान ३० तास निरंतर शिक्षण घ्यावे, असे सांगितले आहे. या व्याख्यानांचा व पाठांचा मजकूर आधी कोणीतरी जाणकाराने तपासून मंजूर करायला हवा. उद्या ते काम तुमच्याकडे आले, करारनामा पुढे ठेवला गेला, तर मानधनाचा आकडा मागाहून पाहा. पैसे तपासणीचे आहेत की मंजुरीचे, हे आधी वाचा. ‘मंजुरीनंतर रक्कम अदा केली जाईल’ असे कलम असेल, तर नकाराचा भुर्दंड तुमच्याच खिशाला. अशा करारावर सही करू नये, असे माझे स्पष्ट मत आहे.

अमेरिकेतील मान्यता परिषदेचे २०२० चे निकष २०२२ पासून लागू झाले. त्यांनुसार मजकूर ठरविणाऱ्याला आणि तपासणाऱ्याला औषध कंपन्यांशी मागील २४ महिन्यांत आलेले आर्थिक संबंध उघड करावे लागतात. रक्कम लहान म्हणून सूट नाही. असे कलम तुमच्या करारात नसेल, तर मागून घ्या. त्यात संकोच कसला?

आणखी एक कलम सहज निसटते. मंजुरीनंतर औषधाची नुसती मात्रा बदलली, तरी मजकूर पुन्हा तुमच्याकडे यावा. नाहीतर तुम्ही न वाचलेल्या ओळीखाली तुमचे नाव छापले जाईल. मंजूर मजकुराची तारीख-सही केलेली एक प्रत आपल्यापाशी ठेवा.